मिस्टर पर्सेलचा मका

डोळे मिटा पाहू क्षणभर. समजा, तुम्ही डेट्रॉइटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहता. खाली बस थांबते, समोरच्या दारात जिवलग मैत्रीण राहते, आणि कोंबडी म्हणजे दुकानातून कागदात गुंडाळून आणायची वस्तू, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. आणि एके सकाळी जागे होता तर खिडकीबाहेर लाल माती, लांबवर पाइनची झाडं, आणि तुमच्या गाडीच्या टपावर एक बकरी उभी! ती तुमच्याकडे अशी बघतेय, जणू घर तिचं आणि पाहुणे तुम्ही.

रेनिताचं अगदी असंच झालं.

तिच्या वडिलांचे आजोबा फार वर्षांपूर्वी अलाबामातली ही जमीन भावाच्या हवाली करून, एका पेटीनिशी उत्तरेला गेले होते. त्या काळात कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबं अशी गेली. आता त्या घरात दिवा लावायलाही कोणी उरलं नाही, तेव्हा वडिलांनी, म्हणजे क्लेटननं, परत जायचं ठरवलं. आई लवर्न हो-नाही करता करता तयार झाली. रेनिता मात्र पलंगाखाली जाऊन बसली.

"तिकडे प्राणी असतील," वडील जमिनीवर आडवे होऊन म्हणाले. "तुझे स्वतःचे."

"आणि मग आपण ते खायचे?"

वडिलांनी पलंगाखाली हात पुढे केला. मग म्हणाले, "तू ज्याला नाव देशील, त्याला आपल्या घरात कोणी खाणार नाही. माझा शब्द."

त्या शब्दावर रेनिता पलंगाखालून बाहेर आली. त्या शब्दावर तिनं डेट्रॉइट सोडलं.

आणि इकडे येताच तिनं काय करावं? दिसेल त्याला नाव देऊन टाकलं. बकऱ्या, बदकं, एकूण एक कोंबडी. त्यामुळे अंगणभर पक्षी फिरत होते, आणि घरात जेवायला रोज घेवडा आणि मक्याची भाकरी.

कोंबड्याचं नाव मिस्टर पर्सेल. डेट्रॉइटच्या इमारतीचे मालक पर्सेल असेच छाती काढून चालायचे आणि जिन्यात कोणी दिसलं की ओरडायचे. या पर्सेलचा क्लेटनवर भलताच राग. क्लेटन पत्रांच्या पेटीकडे निघाला की हा पंख फुलवून पोटऱ्यांवर धावून यायचा. शेवटी क्लेटन कचऱ्याच्या डब्याचं झाकण ढालीसारखं धरून जाऊ लागला.

"मागून येतोय, क्लेटन! मागून!" लवर्न ओसरीवरून ओरडायची. हसून हसून तिला खांब धरावा लागे.

"हसू नकोस! हा पर्सेल तिकडेही माझ्या जिवावर उठला होता, इकडेही आलाय!"

रेनिताच्या हातून मात्र तोच कोंबडा मुकाट मका खायचा. तिच्या मांडीवर बसून डोळे मिटायचा. नव्या गावात तिला अजून मैत्रीण मिळाली नव्हती. शाळेतून आली की ती पर्सेलला दिवसभराचं सगळं सांगे.

मग एका रविवारी बकरीनं लवर्नची चर्चची टोपी खाल्ली. सगळी नव्हे, डावी बाजू फुलांसकट. त्या चर्चमध्ये बायका टोपी मुकुटासारखी मिरवतात, बोडक्या डोक्यानं जाणं लवर्नला जमेना. ती खाल्लेली बाजू भिंतीकडे करून बसली. पण प्रार्थना संपल्यावर उठावं तर लागतंच.

"सिस्टर लवर्न," दारात उभे असलेले चर्चचे म्हातारे कारभारी, डीकन, म्हणाले, "अर्धी टोपी बकरीच्या नावे दान केलीत वाटतं?" सगळे हसले. मग ते क्लेटनकडे वळले. "आणि ब्रदर क्लेटन, पुढच्या रविवारी रेव्हरंड गॅस्किन तुमच्याकडे जेवायला. कोंबडी कुठली वाढणार? दुकानातली?"

आता त्या गावची रीत अशी, की पाद्री ज्याच्या घरी जेवेल त्यानं आपल्या अंगणातली कोंबडी वाढायची. क्लेटनचे कान तापले. "माझ्या अंगणातली," तो म्हणाला. "माझ्या हातची."

रेनिता तेव्हा बाहेर पायऱ्यांवर उड्या मारत होती. तिला यातलं काही ऐकू आलं नाही.

सोमवारी ती शाळेतून आली तर पेकानच्या झाडाखाली जाळीचा नवा खुराडा, आणि आत मिस्टर पर्सेल.

"पाय मुरगळलाय त्याचा," वडील म्हणाले. "विश्रांती हवी. तू रोज मका घालत जा त्याला. भरपूर."

रेनितानं घातला. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी आल्यावर. पाय बरा व्हावा म्हणून गाणंही म्हटलं. वडील आता झाकण न घेताच पत्रं आणायला जात. ती गाऊ लागली की ते घरात निघून जात, आणि रेनिताला वाटे, डॅडींना गाणं आवडत नसेल.

शनिवारी सकाळी शेजारच्या शेतावरून मिस आयोला आल्या. त्या चर्चमध्ये मुलांना शिकवत. हातात भलंमोठं पातेलं होतं. खुराड्यापाशी थांबून त्या वाकल्या.

"अगं बाई, काय भरलाय गं हा! मक्यावर कोंडून ठेवलं की मांस कसं स्वच्छ आणि गोड होतं. आणि तुझ्या हातचा मका, पोरी! रेव्हरंड उद्या बोटं चाटत बसतील."

रेनिताची मूठ मक्यानं भरलेली होती. "कोणाचं मांस, मिस आयोला?"

मिस आयोलांचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग घराकडे. "तुला सांगितलं नाही होय कोणी?" त्या हळूच म्हणाल्या.

रेनिता स्वयंपाकघरात गेली. वडील कुऱ्हाडीला धार लावत होते. आई बटाटे सोलत होती.

"त्याचा पाय मुरगळलाय ना?" रेनितानं विचारलं.

धार लावायचा आवाज थांबला. "रेनिता, इकडे ये. ऐक. या गावात राहायचं तर लोकांनी आपल्याला..."

"पाय मुरगळलाय ना, डॅडी?"

"नाही."

"तुम्ही शब्द दिला होता."

"तो कोंबडा आहे, बाळा."

"तो मिस्टर पर्सेल आहे."

रेनितानं आईकडे पाहिलं. आईनं तरी काही म्हणावं.

"मी म्हटलं होतं त्याला," लवर्न बटाट्याकडे बघत म्हणाली, "पोरीला आधी सांग म्हणून."

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

आईच्या हातातला बटाटा तसाच राहिला. रेनिता रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "आणि मका माझ्याच हातानं घालायला लावलात."

ती धावत खुराड्यापाशी गेली, आकडा काढून दार सताड उघडलं. "पळ! पर्सेल, पळ! झाडीत जा!"

पर्सेलनं मान तिरकी करून उघड्या दाराकडे पाहिलं, मग मक्याकडे. आणि मका टिपू लागला. तिनं त्याला बाहेर ढकललं, तो फिरून आत आला. तिनं पुन्हा ढकललं, तेव्हा त्यानं तिच्या मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं. आजवर त्यानं तिला कधी चोच मारली नव्हती.

"तूसुद्धा?" रेनिता म्हणाली.

मागे ओसरीचं दार वाजलं. वडील पायऱ्या उतरत होते. कुऱ्हाड हातातच होती, पण ती कशी धरावी हे विसरल्यासारखी. त्यांच्या मागे आई. मिस आयोला पातेलं पोटाशी धरून जागच्या जागी उभ्या होत्या.

रेनितानं मनगट फ्रॉकला पुसलं. ती गुडघ्यांवर बसली, डोकं वाकवलं आणि रांगत खुराड्यात शिरली. आत जेमतेम जागा होती. पर्सेल कुरकुरत कोपऱ्यात सरकला. तिनं दार ओढून घेतलं. आकडा बाहेरच्या बाजूला, म्हणून तिनं वेणीची पिवळी फीत सोडली, जाळीतून ओवली आणि आतून गाठीवर गाठ मारत गेली.

मग जाळीतून रिकामा हात बाहेर काढला आणि वडिलांसमोर पसरला.

"डॅडी, मका घाला," ती म्हणाली. "दोघांना."