कोयनेल आणि थंड घाम

मी कोयनेल बोलतोय, तुमचं क्विनीन. तोंड वाकडं करू नका. अजून चाखलंय कुठे तुम्ही मला?

माझा जन्म आनैमलैच्या डोंगरात, सिंकोनाच्या सालीत. एके काळी हिवताप आला की घरोघरी माझीच आठवण व्हायची. मग सोप्या, स्वस्त गोळ्या निघाल्या. गरज सरो, वैद्य मरो! तंजावरच्या एका नव्या खाजगी इस्पितळात रंगीत टीव्ही होता, परदेशी यंत्रं होती. मी मात्र काचेच्या कुपीत, कपाटात पार मागे धूळ खात पडलो होतो.

एका दुपारी कपाट धाडकन उघडलं.

ओरत्तनाडूच्या एकोजीला आणलं होतं. तरणाताठा पोरगा, ओरिसाच्या जंगलात नव्या कारखान्याच्या तारा ओढायला गेलेला. तिथून हिवताप घेऊन आला. नेहमीच्या गोळ्यांना तो ताप बधला नाही, थेट मेंदूत शिरला. उशाशी बसलेल्या आईला, गंगाबाईंनाही तो ओळखेना.

डॉक्टरांनी मला सलाइनच्या बाटलीत मिसळलं. "अगदी सावकाश द्या. घाई झाली तर हृदय बंद पडेल," असं नर्सला बजावून ते दुसऱ्या रोग्याकडे धावले.

मी थेंबाथेंबानं एकोजीच्या रक्तात उतरलो. हिवतापाचा जंतू लबाड. तांबड्या पेशीत घर करतो आणि तिचंच हिमोग्लोबिन खातो. खाऊन उरतं ते त्याला विषारी, म्हणून त्याचा खडा करून बाजूला टाकतो. मी तो खडाच होऊ देत नाही. मग स्वतःच्या खरकट्यानंच मरतो मेला!

पण त्याला वेळ लागतो, आणि एकोजीच्या मामांना, वेंकटरावांना, दम नव्हता. "अय्यो, लेंकरू चाललं आणि हें टपटप काय? सीक्रम, लौकर सोडा!" म्हणत त्यांनी नळीचं चाक फिरवलं. मी भसाभसा सुटलो. ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठलं? नर्सनं त्यांचा हात झटकून चाक आवळलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळानं एकोजी घामानं निथळला.

"घाम आला! ज्वर उतरला, गंगा!" वेंकटराव बाहेरच्या पिल्लैयारला, म्हणजे गणपतीला, नारळ फोडायला पळाले. नर्सही हसली.

मी हादरलो. माझी एक वाईट खोड आहे. मी जंतू मारतो, पण कधी कधी माणसाच्या रक्तातली साखरही उतरवतो. हा त्याचाच घाम होता. एकोजी बुडत होता आणि बाहेर नारळ फुटत होता.

गंगाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि हात तसाच राहिला.

"सिस्टर, हा घाम थंड आहे. ह्याच्या बापास इन्सुलिन जास्त झालं की असाच यायचा. हा ज्वराचा नव्हे, साखरेचा!"

नर्सनं बोट टोचून पाहिलं आणि डॉक्टरांना हाक मारत धावली. शिरेतून ग्लुकोज गेलं. मग एकोजीची पापणी हलली.

"अम्मा... कॉफी."

नारळाची भकलं घेऊन मामा परतले. "पिल्लैयारनं ऐकलं बघ!"

"ऐकलं," डोळे पुसत गंगाबाई म्हणाल्या. "आतां चाकास हात लावूं नका."

आता माझ्या शेजारी दवण्याच्या भाऊबंदातल्या एका झाडाचं हिवतापावरचं नवं औषध येऊन बसलंय. येऊ दे बापडं, मला त्याचा हेवा नाही. पण अजूनही मला कुणाच्या शिरेत सोडाल, तेव्हा एवढं ऐका. घाम आला म्हणून नारळ घेऊन पळू नका. मला मारता येतं. थांबता येत नाही. कपाळावर हात ठेवून कुणीतरी जवळ बसा.