पिस्टनला पडलेलं भोक

मला क्लाइडला हरवायचं होतं, बस्स. क्लाइड माझा चुलतभाऊ. मागच्या वसंतातल्या शर्यतीत त्याने मला सगळ्या गावासमोर मागे टाकलं आणि वर विचारलं, "डेल्बर्ट, ही गाडी आहे की म्हातारा वॉलरस?" लोक पोट धरधरून हसले. ते हसणं मी वर्षभर डोक्यात घेऊन फिरलो.

म्हणून मी इंजिनाचे भाग मागवले. नवे पिस्टन, जास्त दाबाचं हेड, शर्यतीचा एक्झॉस्ट पाइप. कॉट्झब्यू शहरातून विमानाने खोकं आलं. बर्फावर पळणारी ती गाडी, स्नोमोबाईल, मात्र माझी नव्हती, बाबांची होती. बाबा एकाहत्तर वर्षांचे. त्याच गाडीवर ते लाकडं आणायचे, बर्फाखाली लावलेलं माशांचं जाळं बघायचे, कॅरिबू हरणांच्या शिकारीला जायचे, आणि एकटे जायचे. त्या वयाचा दुसरा कुणी आमच्या गावातून एकटा बाहेर पडत नव्हता. बाबांना त्याचा केवढा अभिमान!

बाहेर बोटं गोठतात, त्यामुळे इंजिन घरात आणून जेवणाच्या टेबलावर मांडलं. माझी बायको व्हर्ना म्हणाली, "आणि जेवायचं कुठं? तुझ्या डोक्यावर?" बाबा मात्र हौसेने शेजारी बसून एकेक नट पुसून देत होते. "पळव लेका मनासारखी," म्हणाले. "पण मला परत देताना माझ्यासारखी करून दे. मी काही आता कुणाशी शर्यत लावत नाही."

"देतो ना," मी म्हणालो.

शर्यतीच्या दिवशी हवा उबदार होती, उणे पाच. मी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची जेट बसवली. तेवढ्या उबेत पेट्रोल थोडं कमी सोडलं की इंजिन हलकं पळतं. पळालंही! क्लाइडचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी दोन दिवस गावभर मिरवत होतो, उगाच दुकानात तीनतीनदा जात होतो.

तिसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी पडली. उणे पस्तीस. गार हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून मोठ्या भोकाची जेट बसवायची. नाहीतर पिस्टन तापून जळतो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "उद्या जाळं बघायला जातोय. जेट बदललीस ना?"

"हो," मी म्हणालो.

बदलली नव्हती. कार्बोरेटर काढायचा म्हणजे तासभर उघड्या हातांनी बाहेर मरायचं. सकाळी उठून करू, असं मनात म्हटलं. आळस, दुसरं काय! सकाळी उठलो तर गाडीची जागा रिकामी. बाबा नुकतेच गेले होते.

आता जे सांगतो ते सांगताना मला अजून तोंड लपवावंसं वाटतं. एकमेकांशी बोलायचा रेडिओ हाताशी होता. आमच्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात रेडिओ चालू असतो, बाबांच्या खिशातही होता, आणि ते अजून टप्प्यात होते. "बाबा, मागे फिरा," एवढंच म्हणायचं होतं. पण ते सगळ्या गावाने ऐकलं असतं. शर्यत जिंकलेला डेल्बर्ट जेट बदलायला विसरला, हे क्लाइडने ऐकलं असतं. मी कॉफी ओतून घेतली.

दुपार झाली तरी बाबा आले नाहीत. मग शोधपथकाचे एल्मरकाका निघाले, क्लाइड निघाला, मागोमाग सगळे. मी क्लाइडच्या मागे बसलो. तीस किलोमीटरवर बाबा सापडले, पायी चालत. एक हातमोजा भिजून दगड झालेला. दोन बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती. ती पुढे कापावी लागली.

एल्मरकाकांनी विचारलं, "झालं तरी काय, अमोस?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "टाकीत इंजिनाचं तेल घालायला विसरलो, इंजिन जळलं. वय झालं, एल्मर."

एल्मरकाकांनी बाबांना आपल्या गाडीवर बसवलं. मी खरं सांगितलं नाही, पुन्हा क्लाइडच्या मागे जाऊन बसलो.

बाबा दवाखान्यातून परतल्यावर शोधपथकाची बैठक झाली. सगळे फार मऊ बोलले. अमोसने आता एकट्याने जाऊ नये, असं ठरलं. बाबांनी मान डोलावली. घरी येऊन आम्ही इंजिन उघडलं. पिस्टनच्या मधोमध भोक, अंगठा जाईल एवढं.

"बाबा, मी सांगून टाकतो."

"अजिबात नाही. माझं फिरणं आज ना उद्या थांबणारच होतं. तुला इथे अजून चाळीस वर्षं काढायचीत. खोटं बोलून बापाला थंडीत पाठवलं म्हणतील. मग बर्फावर कोण येईल तुझ्याबरोबर?" त्यांनी पिस्टन खिशात टाकला.

आणि मी ऐकलं. बापाचं ऐकणारा गुणी मुलगा!

आठवडाभराने सकाळी आम्ही चहा पीत होतो. रेडिओवर लुसील आत्या, बाबांची थोरली बहीण, म्हणाली, "अगं व्हर्ना, अमोसच्या चहात साखर तूच घाल हं. तो विसरेल, आणि मग एल्मरला पाठवावं लागेल!" दहा घरांतून हसू आलं. बाबाही हसले. पट्टी बांधलेल्या हातात कप धरून, मान खाली घालून हसले.

मला ते सहन होईना. मी माइक ओढला. "मी डेल्बर्ट. बाबांनी तेल घातलं होतं. जेट मी बदलली नव्हती. बदलली म्हणून खोटं सांगितलं. चूक माझी आहे. सगळी माझी."

मग एल्मरकाकांचा आवाज आला, जड झालेला. "ऐकलं, पोरा. बापाचा मान असा राखतात."

"मान नाही राखत मी! खरं सांगतोय!"

"असू दे रे," आत्या रडत होती. "चुकलंच माझं. म्हाताऱ्या माणसाची चेष्टा केली. मोठ्यांची चूक धाकट्यांनी अंगावर घ्यावी, हे आम्हीच तुम्हाला शिकवलं आणि आम्हीच विसरलो. असा मुलगा सगळ्यांना मिळो."

मी बाबांकडे वळलो. "तो पिस्टन कुठाय? मी दाखवतो सगळ्यांना."

"काल क्लाइडबरोबर जाळ्यावर गेलो होतो ना? तेव्हा बर्फातल्या भोकातून खाली सोडला." बाबांनी रेडिओचा आवाज बारीक केला. "आता बस कर. जितकं बोलशील तितका मी म्हातारा होतो."

दुपारी दार वाजलं. क्लाइड होता. खांद्यावर कॅरिबूचं अख्खं मागचं तंगडं. ते त्याने टेबलावर ठेवलं आणि टोपी काढली. जन्मात माझ्यासमोर त्याने टोपी काढली नव्हती.

"डेल्बर्ट, सगळ्या गावाच्या कानावर असं सांगायचं... माझ्यात नसती रे एवढी हिंमत," म्हणाला आणि हात पुढे केला.

बाबा कोपऱ्यातून बघत होते. खरं सांगायला मी तोंड उघडलं. मग त्याचा हात हातात घेतला आणि थँक्यू म्हणालो.