चटयांच्या गाठी

"शेजारचा तळ राहणार की जाणार, ते विचारू नकोस गं उबाह. त्यांच्या चटयांकडे बघ."

उंटाच्या पाठीवर चटया-काठ्यांचं घर लादता लादता आई असं बोलायची. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आज लष्करी ठाण्याच्या फाटकाशी चहा उकळताना तिचा आवाज उबाहला पुन्हा ऐकू आला.

परदेशी फौज सकाळीच गाड्यांत बसून मोगादिशूकडे गेली होती. ठाणं आता आपल्याच पोरांच्या हाती. झेंडा चढला, टाळ्या झाल्या. आणि तिकडे भिंतीच्या सावलीत नव्यानं आलेल्या कप्तान गेल्लेचं बोचकं: गवती चटया, घराच्या वाकवलेल्या काठ्या, सगळं करकचून बांधलेलं.

म्हणजे हाही पळणार, उबाहच्या मनात आलं.

तिच्या पोटात एक गोष्ट होती. काल एक अनोळखी माणूस चहाचा पेला ठेवता ठेवता पुटपुटला होता, "शुक्रवारी इथं चूल पेटवू नकोस, मावशी." पण सांगायचं कुणाला? विहिरी खणणाऱ्या शिरेनं मागं बंडखोरांची अशीच खबर इथल्या शिपायांना दिली होती. दिवस मावळायच्या आत त्याचं नाव बाहेर फुटलं, आणि तो स्वतःच खणलेल्या विहिरीत सापडला.

"मावशी, साखर घातलीय की नुसताच धूर?" एका शिपायानं विचारलं.

"तुझ्या बंदुकीत गोळ्या असतील तेवढी घातलीय."

सगळे हसले. कोपऱ्यातला एक हसला नाही. का नाही हसला? उबाहनं त्याचा चेहरा मनात ठेवून दिला.

पोरं पांगल्यावर गेल्ले पेला घ्यायला आला.

"कुठं निघालात, कप्तान?"

"मी? कुठं?"

"चटया बांधलेल्या दिसतात."

"बांधलेल्याच आल्यात, मावशी. सोडणार कोण? उद्या बायको येतेय लेकीला घेऊन. घर मी उभारलं तर आधी ती हसेल, मग अख्खी पलटण."

उबाह चपापली. घर बाईनंच उभारायचं. मुलीच्या लग्नातल्या चटया स्वतः विणणाऱ्या तिला हे सुचू नये! तरी मन म्हणालं, गोड बोलणारे पुष्कळ पाहिलेत. ती उठली, बोचक्याशी जाऊन बसली. गाठींच्या पेडांत लाल धूळ घट्ट बसली होती. इथली माती तर पांढरी. वाटेतच बसलेली धूळ ती. आज या गाठींना कुणाचा हात लागलेला नव्हता. आत, चटयांच्या मधोमध, तान्ह्या पोराला दूध पाजायची लाकडी वाटी.

तिनं पहिली गाठ सोडली. फाटकाकडं पाठ केली.

"बायकोला उद्या आणू नका," ती हलकेच म्हणाली. "शनिवारी आणा. उद्या शुक्रवारी ते ठाण्यावर चालून येणार आहेत. आणि तो कोपऱ्यात बसतो ना, न हसणारा, त्याला यातलं काही कळू देऊ नका."