ताईचा आवाज

ठकीला गणितात तिसऱ्यांदा शून्य मिळालं, तेव्हा मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. ठकी माझी भाची. शाळेची कॉम्प्युटरची खोली मी सांभाळतो, म्हणून शाळेतलं कुठलंही यंत्र बिघडलं की दोष माझा आणि कुठलंही पोर बिघडलं तरी दोष माझाच. वार्षिक परीक्षेत चाळीसच्या खाली गेली तर सातवीतच बसेल, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. पुढे म्हणाल्या, आईच्या आवाजात शिकूनही पोर अशी कशी? मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर मला बाईंचा राग आला होता.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि ठकीची आई, सातवीला गणित शिकवायची. शाळेत टॅब आले तेव्हा तिच्याच आवाजात सगळा अभ्यास भरायचा असं ठरलं. महिनाभर आम्ही खिडक्यांना रजया टांगून माझ्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. उत्तर चुकलं की ताई बोलणार. पहिल्यांदा थोडं सुचवणार, दुसऱ्यांदा रीत सांगणार, आणि तिसऱ्यांदा चुकलं तर म्हणणार, "असू दे. चुकलं तर चुकलं. मी आहे ना." उत्तर बरोबर आलं की नुसती हिरवी खूण आणि पुढचं गणित. हुशार पोरांचा वेळ कशाला घालवायचा, ही अक्कल माझी. मीटिंगमध्ये माझं कौतुकही झालं होतं.

ते काम संपल्यावर चार महिन्यांत ताई गेली. ठकीचे वडील ती पाळण्यात असतानाच गेले होते, त्यामुळे पोरगी माझ्याकडे आली. ताईचा आवाज मात्र शाळेत राहिला. दुपारी सातवीच्या वर्गावरून जाताना तीस हेडफोनमधून झिरपणारी ती कुजबूज कानावर पडायची. तीस ठिकाणी ताई, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं काहीतरी समजावून सांगतेय. मी जिना बदलला. लांबचा पडतो, पण पडू दे.

बाईंकडून आलो आणि ठकीची टॅबवरची उत्तरं उघडून बसलो. पहिलं गणित, खरं उत्तर बेचाळीस. ठकीनं लिहिलं त्रेचाळीस, मग चव्वेचाळीस, मग पंचेचाळीस. दुसरं उत्तर सतरा. तिथे अठरा, एकोणीस, वीस. खाली खाली पाहत गेलो, सगळीकडे तेच. खरं उत्तर माहीत असल्याशिवाय इतकं नेमकं कोणी चुकत नाही.

घरी आल्यावर मी ओरडलोच. मला फसवतेस, शाळेला फसवतेस, आईचं नाव घालवतेस, असं तोंडाला येईल ते बोललो. ठकी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती थांबली नाही.

"बरोबर आलं की आई गप्प होते," ती म्हणाली.

मग मी आवाज खाली आणून तिला समजावलं, की बरोबर उत्तरालाही आई बोलेल असं मी करून देतो, दोन दिवसांचं काम आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मोठी माणसं लहानांकडे पाहतात. आणि आठवीत काय, असं विचारलं. आठवीला ताई नव्हतीच. पास होणं म्हणजे आईला मागे सोडून जाणं, हे बारा वर्षांच्या पोरीला कळलं होतं, आणि माझ्यासारख्या घोड्याला नाही.

टॅबच्या कंपनीचा माणूस वर्षभर माझ्या मागे लागला होता. ताईच्या आहे त्या आवाजावरून ते हवी तेवढी नवी वाक्यं तयार करू शकत होते. आठवी, नववी, दहावी, सगळं. फक्त घरच्या माणसाची सही हवी होती. आधी मी त्याला उभं केलं नव्हतं. आता मीच फोन केला आणि सही करून मोकळा झालो. पोरगी पास होईल आणि आईही मिळेल, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

आठवीचा पहिला धडा आला, तो सगळ्यांच्या आधी ठकीला ऐकवायचा म्हणून शाळा सुटल्यावर तिला माझ्या खोलीत बसवलं. मी दुसरा हेडफोन लावला. ताईच होती. वाक्य सुरू करण्याआधी घ्यायची तो छोटा श्वाससुद्धा. माझे डोळे भरून आले. ठकीनं पहिलं गणित चुकवलं, पुन्हा चुकवलं, तिसऱ्यांदा चुकवलं.

"असू दे, राजा," ताई म्हणाली. "आठवीचं गणित जरा अवघडच असतं. पण मी आहे ना."

ठकीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"हे आई कधी बोलली?"

मी सांगायला लागलो, की आवाज तिचाच आहे, फक्त शब्द कंपनीनं—

"मग बोलतंय कोण?"

तिनं टॅब बंद केला, दप्तर उचललं आणि घरी येईपर्यंत माझा हात धरला नाही.

वार्षिक परीक्षा तिनं अर्ध्या तासात संपवली. एकही चूक नाही. मोठ्या बाईंनी पेढे दिल्यासारख्या आनंदानं मला बातमी सांगितली आणि मी हसलोही.

आता ती आठवीत आहे. हेडफोन लावत नाही, वहीत गणितं सोडवते. पण आजूबाजूची सगळी पोरं लावतात. हा आवाज बंद करा म्हणून मी कंपनीत तीन चकरा मारल्या. माणूस चांगला आहे, चहा देतो. मुलांना तुमच्या ताईंचा आवाज फार आवडतो म्हणतो, आणखी चाळीस शाळांनी घेतलाय म्हणतो, करार दहावीपर्यंतचा आहे म्हणतो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. बोलणार कोणाला, सही माझी.

काल जेवताना ठकी मधेच थांबली. रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवसांत आई दोन गणितं झाली की टेबलावर डोकं टेकायची आणि मी तिची पाठ चोळायचे, असं म्हणाली. मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा पडद्याकडे बघत बसलेला असायचो.

"मामा, तिला आता थांबू दे ना," ठकी म्हणाली. "किती दमली असेल ती."

मी बरं म्हणालो. पोरीशी मी पहिल्यांदाच खोटं बोललो.