मधाच्या बरणीतला हिरवा

"हे काय लावून ठेवलं वो दगडाबाई?" मुक्ताबाईंनी पिशवीतून ब्लाउज काढला आणि शिलाई मशीनवर जवळजवळ आपटलाच. "उद्या पोरीला हळद लागायची, आन् तिच्या गळ्याला काळी पायपिन?"

दगडाबाईंनी ब्लाउज हातात घेतला. लाल रेशमी कापड, मागे खोल गळा, गळ्याभोवती पायपिनचा बारीक गोट. त्यांनी अंगठ्याने शिलाई चाचपली. कुठे चुणी नाही, कुठे धागा सुटलेला नाही. काम चोख होतं. पण रंग? ब्लाउज खिडकीकडे धरला, डोळे बारीक केले, मग हात लांब केला. गडद. एवढंच कळत होतं.

"शालूचा ब्लाउजपीस आखूड निघाला म्हणून तुम्हीच म्हणल्या, लाल कापड घ्या आन् पायपिन शालूच्या हिरव्याची करू. तो तुकडा मी माझ्या हातानं दिला तुम्हाला. आता सासरची माणसं काय म्हणतील? नवरीच्या अंगावर काळं!"

"चुकलं माझं," दगडाबाई म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत करून देते. तुमच्या मोनिकाला कळू देऊ नका."

"तिनंच तर पाह्यलं पहिल्यांदा. रडत बसलीय घरी."

मुक्ताबाई गेल्या. हर्सूलच्या त्या गल्लीत त्यांच्या चपलांचा आवाज विरेपर्यंत दगडाबाई तशाच बसून राहिल्या, आणि मग एकदम उठल्या. उठल्या, पण कुठे जायचं ते त्यांचं त्यांना कळेना. स्वयंपाकघरात जाऊन पाणी ओतून घेतलं, न पिताच पेला ठेवला, आणि परत बरण्यांच्या फळीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

दगडाबाईंनी आयुष्यात कापडाची कातरण फेकली नाही. ब्लाउज बेतला की उरलेला तुकडा बरणीत. बायका पुढे बाळंतपणं आटोपून, दंडाला घट्ट झालेला ब्लाउज घेऊन लाजत यायच्या, तेव्हा दगडाबाई त्याच कापडाचा तुकडा काढून काखेत अशी कळी बसवायच्या की नवऱ्यालाही पत्ता लागू नये. कातरण ठेवायची ती काचेच्याच बरणीत. कॉफीची चौकोनी, मधाची सहा कोनांची, मुरंब्याची बुटकी, लोणच्याची चिनीमातीच्या झाकणाची. सुंदर बरणी दिसली की त्यांचा जीव तिच्यावर जडायचा. शेजारणी मध संपायची वाट बघताहेत की दगडाबाई, अशी चेष्टा चालायची. काच अशासाठी, की झाकण न उघडता बाहेरूनच रंग दिसावा.

आता तोच दिसत नव्हता. शुगरने डोळ्याच्या पडद्यावर घाला घातला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, आहे ती नजर सांभाळायची, गेलेली मागू नका. घरी येऊन दगडाबाईंनी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. खरं सांगितलं असतं तर मुलाने, गोकुळने, त्याच दिवशी मशीन बंद केलं असतं. चिकलठाण्याच्या कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून तो एकच पालुपद लावायचा, "पुरे झालं आई, आता आराम कर." आराम म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे मात्र त्याने कधी सांगितलं नाही. ह्या मशीनवर त्यांनी त्याला वाढवला, त्याचा बाप गेल्यावर ह्या मशीनवरच रडून घेतलं. ते सुटलं तर आपण कोण उरतो?

म्हणून त्यांनी युक्ती केली होती. रंग डोळ्यांनी नाही, हातांनी ओळखायचा. सहा कोनांच्या बरणीत हिरवे, चौकोनीत काळे, बुटकीत लाल. मुक्ताबाईंनी दिलेला शालूचा तुकडाही त्यांनी हिरव्यांतच ठेवला होता. कोण किती हसलं तरी त्या बरण्यांना कुणाला हात लावू देत नसत.

आणि गेल्या सोमवारी त्या डोळे तपासायच्या तारखेला म्हणून दवाखान्यात गेल्या असताना श्रेयाने, त्यांच्या सुनेने, सगळ्या बरण्या रिकाम्या करून गरम पाण्याने घासल्या. चिकटलेली लेबलं खरवडून काढली, उन्हात वाळवल्या, आणि कातरणीच्या घड्या करून पुन्हा भरल्या. सासूला खूश करायचं म्हणून, दुसरं काही नाही. "कशा दिसतात, आई?" तिने मोठ्या हौसेने विचारलं होतं.

"छान," दगडाबाई म्हणाल्या होत्या. काय कुठे भरलंस, हे विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तर, समोर तर दिसतंय, असं ती म्हणाली असती.

आता त्यांनी एकेक बरणी खाली घेतली. रेशीम बोटांना कळत होतं, सूत कळत होतं, जरीची कड टोचत होती. पण शालूचं हिरवं रेशीम आणि संक्रांतीच्या चंद्रकला साडीचं काळं रेशीम बोटांना सारखंच. तुकडे घेऊन त्या गॅलरीत गेल्या, उन्हात धरले, आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या. गुलमंडीच्या बाजारात जाऊन मॅचिंगवाल्याला विचारावं? पण शालूचं कापड तो कुठून आणणार? उन्हं कलायला लागली. एक बरणी छातीशी धरून त्या खोलीभर फिरत राहिल्या.

"आई, काय शोधताय? सकाळपासून बघतेय, बसला म्हणून नाहीत तुम्ही," श्रेया दारात आली.

"काय नाय गं. ती हिरव्याची बरणी तेवढी दे काढून. वर हात पुरंना माझा."

श्रेया जागची हलली नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "ती तुमच्या हातातच आहे."

दगडाबाईंनी बरणी घट्ट धरली, जणू ती आता कुणी हिसकावून घेणार होतं. मग मटकन खाली बसल्या.

"कधीपासून?" श्रेयाने विचारलं.

"लई दिस झाले. गोकुळला सांगू नको. तुझ्या पाया पडते."

"असं नका ना बोलू!" श्रेयाला रडूच फुटलं. "आणि मी सगळं उलटंपालटं करून ठेवलं. मला वाटलं, बरण्या नुसत्या चमकल्या पाहिजेत."

"रडायचं मागून. आधी त्या पोरीचा गळा उसवायचाय. बस इथं."

श्रेयाला साधं बटण लावता येत नव्हतं. पण तिने हिरवा तुकडा काढून दिला, सुईत दोरा ओवला, हिरव्या दोऱ्याचं रीळ शोधलं. दगडाबाईंनी काळी पायपिन टाका-टाका करून उसवली, हिरव्याच्या तिरक्या पट्ट्या कापल्या आणि मशीनवर बसल्या. पाय पायट्यावर पडला तशी सुई एका लयीत चालू लागली. श्रेया बाजूला बसून पाहत होती. ह्या बाईला दिसत नाही हे कुणाला सांगून पटलं नसतं.

दिवेलागणीला मुक्ताबाई आल्या. ब्लाउज ट्यूबलाइटखाली उलटसुलट करून पाहिला आणि त्यांचा चेहरा निवळला.

"आता कसं! सकाळी तोंड सुटलं माझं, मनावर घेऊ नका. आन् हे घ्या, माझाबी एक राहिलाय. पूजेला घालायचा." त्यांनी पिशवीतून कापडाची घडी काढून दगडाबाईंच्या मांडीवर ठेवली. "ह्याच्या बाह्यांना काठ लावायचा, तुमच्या मनानं."

त्याच वेळी गोकुळ कंपनीतून आला. दारातच हेल्मेट काढत उभा राहिला. श्रेयाने सासूकडे पाहिलं, पटकन पुढे झाली आणि कापडाचा रंग सांगायला तोंड उघडलं.

दगडाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं. घडी उलगडली, बोटांनी पोत पाहिला, कड पाहिली. एकदा मुलाच्या दिशेने चेहरा वळवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मुक्ताबाई, हा रंग कोणता वो? मला आता दिसत नाय."

गोकुळच्या हातातलं हेल्मेट तसंच राहिलं.

"जांभळा," मुक्ताबाई कशाबशा म्हणाल्या. "पिकल्या जांभळासारखा."

"जांभळा," दगडाबाई म्हणाल्या आणि कापड बेतायला पसरलं.

श्रेयाने जांभळ्यासाठी फळीवरून एक रिकामी बरणी काढली, पदराने पुसली आणि तिचं तोंड, तिचे कोन नीट कळतील अशी त्यांच्या हातात दिली.