बाहेरचं रिंगण

"आबा, हितं उन्हात का उभं? आत या की," शाळेचा शिपाई गेणबा म्हणाला.

"हितंच बरं हाय," म्हणत म्हस्कू कुंपणाला टेकला. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून तो बावड्याहून इंदापूरपर्यंत चालत आला होता. पुण्याला शिकून प्रोफेसर झालेला त्याचा महिपती आज शाळेत आकाशगंगेवर बोलणार होता. बापाला त्यानं बोलावलं नव्हतं. बाजारात कानावर आलं होतं.

मैदानात चुन्यानं एकात एक चार रिंगणं आखली होती.

"आकाशगंगा म्हणजे एक अवाढव्य तबकडी," महिपती सांगत होता. "तारे आणि वायू सगळे मध्याभोवती फिरतात. बराचसा वायू डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून येणाऱ्या रेडिओ लहरी आता यंत्रावर पकडता येतात. आतले काय, बाहेरचे काय, धावतात जवळपास एकाच वेगानं. मग होतं काय? पळूनच पाहू."

आतल्या तीन रिंगणांत एकेक विद्यार्थी, असे तिघं एका सरळ रांगेत उभे राहिले. बाहेरच्या मोठ्या रिंगणात पळायला कुणी धजेना. हेडमास्तरांनी कुंपणाकडे बोट दाखवलं.

"ते धनगरबाबा मोकळेच आहेत. तुमच्या ओळखीचे आहेत का, सर?"

महिपतीनं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"आमच्याकडे मेंढरं राखायला असतात," तो म्हणाला.

म्हस्कूनं ते ऐकलं. त्यानं पटका घट्ट केला आणि बाहेरच्या रिंगणात, पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

शिट्टी झाली. आतल्या पोराची फेरी झाली, तरी म्हस्कू अजून पलीकडच्या टोकालाच होता. "म्हातारं हरलं!" पोरं खिदळली. आपल्यापायी लेकाचं भाषण बिघडतंय असं वाटून म्हस्कू जीव तोडून पळू लागला.

"अहो, जोरात नको! वेग सारखा ठेवा!" महिपती ओरडला.

लेकाच्या तोंडून 'अहो' त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. त्यानं पाय आवरले.

"पाहा, सरळ रांग कशी वाकली! आकाशगंगेचे हात, म्हणजे ताऱ्यांचे लांब पट्टे, असेच वळतात. पण इतक्या फेऱ्यांनंतर ते दोऱ्यासारखे गुंडाळून का गेले नाहीत, हे अजून कुणालाच नीट उमगलेलं नाही. चला, आणखी दोन फेऱ्या."

दुसऱ्या फेरीत म्हस्कू तोंडघशी पडला. महिपती एक पाऊल पुढं आला, थबकला, आणि हसून म्हणाला, "एक तारा निखळला!"

हशा उसळला. टाळ्या पडल्या.

गेणबानं धावत येऊन म्हाताऱ्याला उठवलं, कुंपणाशी नेलं. "आबा, ह्यो सर तुमच्याच गावचा न्हवं? कोण लागतो तुमचा?"

समोर हेडमास्तर महिपतीच्या गळ्यात हार घालत होते.

"कोण न्हाय," म्हस्कू म्हणाला. "मालकाचं पोरगं. लई हुशार हाय."

फुटलेल्या गुडघ्यात चुना गेला होता, झोंबत होता. धोतराच्या सोग्यानं त्यानं तो पुसला, टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिला आणि मग बावड्याच्या वाटेला लागला.