दोन नंबर वाढव

गुणाजी परब कधी ‘बंद’ म्हणत नसत. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हापासून तो शब्द त्यांच्या घरात अपशकुनी झाला होता. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, तसे गुणाजी लोअर परळच्या डेटा सेंटरमध्ये स्विचसुद्धा ‘वाढवायचे’. सगळा विभाग हसायचा आणि निमूट स्विच बंद करायचा. सोमवारी रुजू झालेल्या सौमित्रला मात्र हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. वायफायचा पासवर्ड तेवढा सगळ्यांनी आठवणीने सांगितला.

गुरुवारी दुपारी बाकीचे जेवायला गेले असताना एका अँब्युलन्स हेल्पलाइनचे सर्व्हर रडायला लागले. ते सगळे एकाच पेटीत बसवलेले, आणि पेटीच्या पाठीमागे त्यांना बाहेर जोडणारे दोन स्विच. दोन्हींवर निम्मं निम्मं ओझं. बिघडलाय कोणता, ते सौमित्रला कळेना. तेवढ्यात बायकोच्या आजारपणासाठी रजेवर असलेल्या गुणाजींचा नायगावहून फोन आला.

"अरे, हेल्पलाइन लागत नाय! अंबिकाला श्वास घेववत नाय रे. ऑक्सिजनची गाडी पायजे, टॅक्सीत कशी घालू तिला?"

"सर, इथे कॉल तुटतायत. कुठला स्विच गेलाय तेच..."

"दोन नंबर! कालपासून कुरकुरतोय तो. दोन नंबर वाढव, लवकर!"

नारळ वाढवतात हे दादरच्या सौमित्रलाही ठाऊक होतं, पण स्विच? त्याने सेटिंग उघडली, दोन नंबरचा वाटा वाढवून पुरा केला आणि सेव्ह केलं. पडद्यावरचे उरलेसुरले हिरवे ठिपकेही लाल झाले.

"वाढवला, सर."

"मग लागत का नाय? नीट वाढव!"

"अजून किती वाढवू? सगळं त्याच्यावरच टाकलंय!"

पलीकडून बाईच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"बंद कर," गुणाजी ओरडले. "बंद कर रे त्याला! बंद, बंद, बंद!"

सौमित्रने दोन नंबर बंद केला आणि सगळं एक नंबरवर ढकललं. सेटिंग सेव्ह होईना. तो मेला पडदा नुसता गरगरत बसला. पेटीच्या दाराला दसऱ्याचं वाळलेलं झेंडूचं फूल अडकवलेलं होतं, त्याच्यापुढे त्याने चक्क हात जोडले. मग एकेक ठिपका हिरवा झाला. गुणाजींचा मेसेज आला, ‘लागला. गाडी निघाली.’ सौमित्र खुर्चीत बसून रडला.

डोळे पुसतोय तोच पुन्हा फोन वाजला.

"सौमित्रा, हेल्पलाइनवाल्यांना सांगशील काय? माझ्याच्याने बोलवत नाय." गुणाजींचा आवाज शांत होता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "आमची नायगावची गाडी वाढव."

या वेळी त्याला अर्थ सांगावा लागला नाही.